तुळजारामची जीभ

“मग मला का नाही कळलं, महाराज? फोड तर मीच चाखली होती.”

तुळजारामने भैरवगिरी महाराजांना विचारलं.

तीन दिवसांपूर्वी मठात कडू दुधीची भाजी पंगतीला गेली आणि नऊ जण पोट धरून आडवे झाले. दुधी चिरायचं आणि त्याआधी फोड चाखून बघायचं काम तुळजारामचं. तोही ओकून ओकून अर्धा झाला होता.

त्याची मतीच गुंग झाली होती. सात वर्षं तो रोज सकाळी वाटीभर कारल्याचा रस प्यायचा, कपाळावर आठी न आणता. लोक बघायला यायचे, पाया पडायचे. जीभ जिंकलेला माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचंही. येत्या पौर्णिमेला त्याला दीक्षा मिळायची होती.

त्या दिवशी खादाड गणोबा पहिल्याच घासाला म्हणाला होता, भाजी कडू आहे. जिभेचे चोचले पुरवायला मठात आलास का, म्हणून तुळजारामने त्याला सगळ्यांदेखत झापलं. मग बाकीचे मुकाट्याने जेवले.

खबर ऐकून आज तुळजारामचे वडील उमाजी गावाहून आले होते. महाराजांनी त्याच वेलाचा उरलेला दुधी मागवला, पातळ फोड कापली, जिभेला लावली आणि लगेच थुंकले. दुसरी फोड त्यांनी उमाजींपुढे धरली.

“नुसती जिभेला लावा. गिळू नका.”

उमाजींनी लावली.

“काकडीसारखी आहे की.”

“कडू नाही?”

“छे. आमच्या आबांना अन् मला कारलंसुद्धा कधी कडू लागलं नाही. याच्या आईच्या डोळ्यांत मात्र पाणी यायचं. पोरगी तिच्यावर गेली, हा माझ्यावर.”

उमाजींनी जन्मात एक सोमवार धरला नव्हता, हे तुळजारामला पक्कं ठाऊक होतं. तो एकदा बापाकडे बघत होता, एकदा फोडीकडे. त्याला काहीच उमजेना, आणि जे थोडं उमजत होतं ते नकोसं वाटत होतं.

“म्हणजे ते... तप नव्हतं?”

महाराजांनी उरलेला दुधी बाजूला ठेवला.

“मग सात वर्षं मी केलं काय?”

“रस प्यायलास.”

तुळजारामने मान खाली घातली.

“आणि... पौर्णिमेची दीक्षा?”

महाराजांनी विळी त्याच्यापुढे सरकवली.

“यापुढेही दुधी तूच चिरायचा. फोड मात्र गणोबाला द्यायची, आणि तो म्हणेल ते ऐकायचं.”