डोंगरावरची कालवं

खारकोंड गावाच्या मागे जो बोडका डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर एक मोठा खड्डा आहे आणि खड्ड्यात दगडांची रास आहे. दगड काळे, त्या डोंगराचेच. पण त्यांच्या एका अंगाला कालवांच्या पांढऱ्या कवच्या घट्ट चिकटलेल्या आहेत. खाडी तर खाली, पाऊण तासाच्या उतारावर. मग कालवं इथं आली कशी, हे पाहुणे हमखास विचारतात. एखादा शिकलेला असला की स्वतःच सांगून टाकतो, फार पूर्वी समुद्र इथपर्यंत होता. गोमाबाय तांडेल त्याला बोलू देते. सत्तरी ओलांडलेली ही बाई हौशीने सगळ्यांना डोंगर दाखवते आणि वर पोचली की आधी दम खात बसते. मग म्हणते, "समुद्र नाय आला वर. बाई आली."

गोष्ट गलबतांच्या काळची. तेव्हा गावापुढे चिखलाचं मोठं खाजण होतं. ओहोटी लागली की बायका गुडघाभर चिखलात उतरत आणि तिसऱ्या, खुबे वेचून आणत. आतलं मांस घरात शिजे आणि कवच्या चुन्याच्या भट्टीवर जात. भट्टी दोन कोसांवर, बंदराशी. कवच्यांनी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बायका रोज ती वाट तुडवत. त्यांत पोशीबाय होती. अंगाने काटक, तोंडाने फटकळ, आणि ओझं उचलण्यात पुरुषांनाही भारी. पण तिशीतच तिची मान धरली होती.

एकदा भट्टीचा शेट होडीतून गावात आला, असं सांगतात. वाईट माणूस नव्हता तो. पाट्या भरणाऱ्या बायका बघून त्याने सहज चौकशी केली, फार त्रास पडतो का म्हणून. बाकीच्या पाट्या भरत राहिल्या. पोशीबाय मान चोळत म्हणाली, "पडनार नाय तं काय? भट्टीच हितं आना ना शेट. आमच्या माना तरी वाचतील."

शेटने ते मनावर घेतलं. खाजणाचा गावालगतचा भाग त्याने मागितला आणि गावाने दिला, कारण चिखलाला जागा कोण म्हणतं? डोंगराच्या माथ्यावर पहारी चालू झाल्या. बायकांच्याच डोक्यावरून दगड खाली आले. पाण्याच्या कडेला दगडांची भिंत उठली, तिच्याआड मुरूम पडला. सर्वांत जास्त पाट्या वाहिल्या त्या पोशीबायने. भट्टी आणण्याची कल्पना तिची, तेव्हा मिरवणंही तिचंच. वर्षभरात चिखलाचं अंगण झालं आणि त्यावर भट्टी धूर सोडू लागली. रोजची दोन कोसांची वाट खरोखरच सुटली.

पण ज्या चिखलात शिंपली पिकत होती, तोच चिखल भट्टीखाली गेला होता. एवढी साधी गोष्ट अख्ख्या गावात कुणाला सुचली नाही, यावर विश्वास बसत नाही. पण नाही सुचली खरी. पुढच्या वर्षी पाट्या अर्ध्याच भरू लागल्या. उरल्यासुरल्या चिखलात भट्टीची राख उतरत होती. भिंतीआडची तिवरांची झाडं उभ्या उभ्या वाळली. भरतीला पसरायला जागा राहिली नाही, म्हणून ती वरच्या अंगाने भातखाचरांत शिरली, आणि तिसऱ्या वर्षी गावाच्या विहिरीला खारं पाणी लागलं. कवच्या मिळेनात तेव्हा शेटने भट्टी मोडली आणि दुसरी खाडी गाठली. जाताना भराव काही कुणी बरोबर नेत नाही.

गाव पोशीबायला एका शब्दाने बोललं नाही, म्हणे. बोललं असतं तर बरं झालं असतं. गोड्या पाण्यासाठी बायका आता डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. पोशीबायची सासू जनाबाय त्या उतारावर हंड्यासकट पडली, आणि उठली ती कंबरेत कायमची वाकूनच. त्या दिवशी पोशीबाय ओहोटीला भिंतीपाशी गेली. एक दगड उपसून तिने पाटीत घातला आणि डोंगर चढून वरच्या खड्ड्यात ठेवला. तिथेच ती नवस बोलली, असं सांगतात: माझ्या डोक्यावरून उतरलेला एकूण एक दगड परत आणीन, तोवर शिंपलीतलं काही जिभेला लावणार नाही.

लोक म्हणाले, एवढी चढतेस कशाला, बाजूला फेकून दे. ती म्हणाली, "खाडीत टाकला तं खाडी भरंल, शेतात टाकला तं शेत. जिथून उतरला तिथंच त्याची जागा."

तोवर भिंतीच्या बाहेरच्या दगडांवर कालवं धरली होती. उपाशी गावाला तेवढाच आधार. पोशीबाय नेमके तेच दगड नेई, कारण बाहेरची रांग काढल्याशिवाय आतली हलत नव्हती. जनाबाय दारात बसून ओरडे, "होतं ते घालवलंस, आता उरलं ते पन नेतंस?" पोशीबाय कालवं फोडून आतलं सासूपुढे ठेवी, आणि कवच्या चिकटलेला दगड घेऊन वाटेला लागे. सासू खाता खाता शिव्या देई.

अशी बावीस वर्षं गेली. ऐकणाऱ्यांना इथे चमत्कार हवा असतो, आणि सांगणारे तो देतातही. एका आश्विनातल्या उधाणाला खाडी म्हणे आपणहून उठली आणि पोशीबायच्या हातची पाटी घेऊन तिनेच भिंत फोडली. गोमाबाय तेवढं सांगत नाही. तिच्या मते भिंत एका जागी पुरेशी खाली आली होती, म्हणून पाणी आत शिरलं. शिरलं ते मुरूम घेऊन बाहेर पडलं. दोन पावसाळ्यांनी तिथे चिखल धरला आणि चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारू लागल्या. केवढा चिखल? दोन होड्या शेजारी उभ्या राहतील एवढा पट्टा. विहीर काही गोडी झाली नाही. पोशीबायची मान तेव्हा वळत नव्हती. निवट्या बघायला ती अख्खी फिरून उभी राहिली आणि रडली.

त्या पट्ट्यातली पहिली शिंपली बायकांनी तिच्यापुढे ठेवली. तिने ती खाल्ली नाही. दगड अजून बाकी होते, आणि ती गेली तेव्हाही बाकीच होते.

तेव्हापासून गावाने दोन गोष्टी पाळल्या. चिखलात उतरणारी प्रत्येक बाई महिन्याच्या अवसेला भिंतीचा एक दगड वर नेऊन ठेवते. आणि परक्या माणसाने विचारलं तर खारकोंडची बाई दमले म्हणत नाही. डोक्यावर दोन हंडे असोत, पायात काटा असो, ती हसून म्हणते, "नाय वो, काय तरास नाय." शहरातून आलेल्यांना या बायकांचं फार कौतुक वाटतं.

आजही हे असंच चाललं आहे. पण शेटसारखं गावाला विचारायला आता कुणी येत नाही. पलीकडच्या काठाला कसल्याशा कारखान्याच्या गोदामासाठी भराव पडतो आहे, ट्रक दिवसभर रिकामे होतात, आणि गावाला कळलं ते धूळ उडाली तेव्हा. गोष्ट संपवून गोमाबाय पाहुण्यांना राशीपासून चार पावलं लांब नेते. तिथे एक दगड एकटा पडलेला आहे. त्याला कालव नाही, सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची अर्धी खाच आहे. तो त्या नव्या भरावातला. गेल्या अवसेला तिने स्वतः डोक्यावरून वर आणला. राशीत मात्र टाकला नाही.

"ह्यो कुठल्या डोंगराचा," ती म्हणते, "तेच कुनी सांगत नाय."