कड्यावरचा पक्षी

दागिन्यांना तोंडं होती आणि ती माझ्या तोंडासारखीच जरा जास्त चालायची, तेव्हाची ही गोष्ट.

कुमुदिनीबाईंना मेक्सिकोचे जुने चांदीचे दागिने जमवायचा नाद होता. त्यातलं सगळ्यात लाडकं एक रुंद कडं. कारागिराने त्यावर नाजूक पक्षी कोरला होता आणि रेषांमध्ये मुद्दाम काळं भरलं होतं.

त्याच डब्यात बाईंच्या लग्नातली, पायात घालायची तोरडी राहायची. जोडीतली दुसरी केव्हाच हरवली होती, पण घुंगरांचा तोरा शाबूत होता.

"काय रे बाळा, तुमच्या देशात आंघोळ नसते का?" असं म्हणून ती छुमछुम हसायची.

"ताई, तो मळ नाही. त्या काळ्यामुळेच पक्षी दिसतो."

"सगळे मळकट असंच म्हणतात हो!"

सगळा डबा हसला. कडं लाजेने आक्रसलं. दिवाळीआधी घासायला चांदीची भांडी निघाली, तेव्हा ते गुपचूप घरंगळत वाट्यांमध्ये जाऊन बसलं.

नणंदबाईंनी ते ब्रशने खसाखसा घासलं. "वहिनी, बघा कसं लख्ख केलंय!"

कुमुदिनीबाईंनी कडं उजेडात धरून बराच वेळ फिरवलं. "वन्सं, यावर पक्षी होता हो," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं.

"ताई, आता दिसतंय ना मी चांगलं?" कड्याने विचारलं.

तोरडीने श्वास रोखून धरला. एक घुंगरू वाजू पाहत होतं. कड्याला ते हसू वाटेल, म्हणून तिने ते पोटाशी घट्ट दाबून ठेवलं.