सावलीची हाक

एकदा एक तरुण खेळाडू आपला हरलेला संघ घेऊन एका वृद्धाच्या दारी आला. संघ माणसांचा नव्हता. तो त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये होता आणि त्यात सहा राक्षस होते.

वृद्ध नदीकाठच्या एका लहान गावी राहत असे. उमेदीच्या काळात त्याने शाळेतल्या मुलांना खो-खो शिकवला होता. पुढे गुडघे थकले, मैदान सुटले, आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या मुलांनी एका सुट्टीत त्याला राक्षसांच्या झुंजीचा हा खेळ दाखवला. त्याने तो मैदानी खेळाइतक्याच गांभीर्याने शिकून घेतला. कोणता राक्षस कोणापुढे टिकतो, कोणाला आधी उतरवावे, कोणाला राखून ठेवावे, हे विचारायला आता लांबलांबून मुले येत आणि त्याच्या ओट्यावर बसत. सगळे त्याला नाना म्हणत.

हा खेळ जोडीचा होता. दोन खेळाडूंनी शेजारी बसायचे, संघातले सहा राक्षस तीन-तीन वाटून घ्यायचे. मैदानात मात्र एका वेळी दोघांचा एकेकच उतरणार, बाकीचे मागे थांबणार. प्रत्येक फेरीत आपापल्या राक्षसाला एक हुकूम द्यायचा. आगीपुढे दगड टिकतो, दगडाला पाणी झिजवते, पाण्याला वीज भारी पडते. म्हणून संघ बांधताना एकाचे उणेपण दुसऱ्याने भरून काढावे लागते. खेळणारे याला संघाचा तोल म्हणत, आणि तरुण त्याच्याच शोधात आला होता.

"नाना," तो म्हणाला, "माझ्या संघाचा तोल कुठे जातो, तेवढं सांगा. यंदाच्या स्पर्धेत मला जिंकायचंच आहे."

नानांनी चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला आणि एकेक राक्षस नीट पाहिला. "आग आहे, पाणी आहे, वीज आहे. हा कातळ चांगला राखलायस. हा वणवा तर फारच जोरकस. मग हरतोस कुठे?"

"ही सावली." तरुणाने एका करड्या, बुटक्या राक्षसावर बोट ठेवले. "ही मारत नाही कुणाला. नुसती जोडीदाराचे घाव अंगावर घेते, त्याला बरं करते, आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी पडते. तिला काढून एखादा मारणारा घ्यावा म्हणतो."

"तिला खेळवतं कोण?"

"माझी ताई. कुंदाताई." त्याने बोट मागे घेतले. "आता खेळत नाही ती. कामात असते."

ओट्याच्या कडेला पाय सोडून बसलेली नानांची शिष्या केतकी मोठ्याने हसली. "कामात? दादा, मी तुमच्या मागच्याच खुर्चीवर होते. अख्ख्या हॉलने ऐकलं तुम्ही काय बोललात ते."

"केतकी," नाना म्हणाले.

"मी कुठे काय म्हणाले? कामात असेल, तर असेल."

तरुणाची मान खाली गेली. गोष्ट खरी होती. मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात सावली पडली, तिच्या पाठोपाठ वणवा पडला आणि बहीणभावांची जोडी हरली. तेव्हा तो खुर्ची मागे ढकलून उठला होता आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाला होता, "तुझी सावली पडली म्हणून हरलो. तुझ्यामुळे." कुंदाताईने मोबाइल पर्समध्ये टाकला. ती बसस्थानकापर्यंत त्याच्या मागून चालत आली. त्यानंतर ती खेळली नाही. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली, ती तिकडेच खोली घेऊन राहू लागली. भाऊबीजेला आली, ओवाळले, तोंडात करंजीचा तुकडाही भरवला. पण ताट उचलून ती आत गेली ती आईशीच बोलत बसली.

तरुणाने मनाशी एक हिशेब मांडला होता. नवा संघ बांधावा, यंदा जिंकावे. ताई कुठूनतरी तो सामना पाहील. विजयाच्या आनंदात मागचे सारे धुऊन जाईल आणि ती पुन्हा शेजारच्या खुर्चीवर येऊन बसेल. संघाचा तोल सापडला की ताईही सापडेल, असे त्याला वाटत होते. हे त्याने नानांना अडखळत, तुकड्यातुकड्यांनी सांगितले.

नानांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "एक डाव खेळू. तुझ्या शेजारी मी बसतो. सावली माझ्याकडे राहू दे. समोरच्या दोन्ही खेळाडूंचे राक्षस केतकी एकटी सांभाळेल."

डाव लागण्यापूर्वी त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. आत जाऊन वहीचा जुना पुठ्ठा आणला, कात्रीने त्याची पट्टी कापली आणि तरुणाच्या मोबाइलचा वरचा अर्धा भाग त्या पट्टीने झाकून चिकटपट्टी लावली. वरच्या भागात प्रतिस्पर्ध्याचे राक्षस दिसत. आता तेच दिसेनासे झाले. उरले फक्त आपले दोन.

"नाना, समोरचा दिसला नाही तर मी मारू कुणाला?"

"केतकी ओरडून सांगेल."

"सांगते की," केतकी म्हणाली. "दादा, आता पाण्याचा लोंढा सोडतेय हं. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही!"

डाव सुरू झाला. तरुणाने सवयीने वणव्याला हल्ल्याचा हुकूम दिला. लोंढा आला तो वणव्यावरच यायचा होता, पण नानांची सावली मध्ये सरकली आणि तिने तो अंगावर घेतला. पुढच्या फेरीतही तेच झाले. एरवी अशा वेळी तरुणाची नजर वर असे, समोरच्याची शक्ती किती उरली ते तो पाहत असे. आज वर पाहायला काहीच नव्हते. नाइलाजाने तो खाली पाहत राहिला आणि त्याला सावलीच्या पायाशी असलेली शक्तीची हिरवी रेघ दिसली. घाव घेतला की ती आखडे. जोडीदाराला बरे केले की ती आणखी थोडी आखडे. वणव्याची रेघ मात्र जवळजवळ भरलेलीच होती. इतकी वर्षे तो हा खेळ खेळत होता, पण ती दुसरी रेघ त्याने कधी निरखली नव्हती.

पाहिली, तरी त्याचा हात सवयीचा गुलाम होता. एक हल्ला आणखी, एवढा झाला की समोरचा पडेल, असे म्हणत त्याने पुन्हा हल्ल्याचाच हुकूम दिला. हिरवी रेघ पिवळी झाली, मग तांबडी. नाना शेजारी शांत बसून अंगठा हलवत होते. मग केतकीच्या राक्षसाने दगड भिरकावला, सावली पुन्हा मध्ये आली आणि कोसळली. आडोसा गेल्यावर वणवाही फार टिकला नाही.

"काय हे नाना!" तरुण उसळून म्हणाला. "तुमची सावली पडली म्हणून हरलो."

बोलून झाले आणि ते शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले. केतकीने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"मी तुला हाक मारत होतो," नाना म्हणाले.

"कधी?"

"रेघ पिवळी झाली तेव्हापासून. सावलीला स्वतःला बरं करता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. जोडीदाराने एक फेरी हल्ला सोडून आडोसा धरला, तरच ती मागे जाऊन दम खाऊ शकते. ते मागायला खेळात घंटी दिलीय. मी वाजवत होतो."

"मला नाही ऐकू आली." तरुणाच्या कपाळावर आठी पडली, आणि मग ती हळूहळू विरली. "घंटी मी बंद ठेवलीय, नाना. ऐन हल्ल्याच्या वेळी टुणटुण वाजते, लक्ष उडतं. म्हणून बंद केली."

"केव्हा?"

तो आठवू लागला. जोडीने खेळायला लागल्यावर थोड्याच दिवसांत बंद केली होती. त्यानंतर ती चालू करण्याचे कधी मनातही आले नव्हते.

नानांनी आपला मोबाइल त्याच्या पुढे धरला. जोडीदाराच्या नावापुढे एक बारीकशी घंटी होती आणि तिच्यावर तिरपी रेघ मारलेली होती.

"हे... हे समोरच्याला दिसतं?"

"समोरच्याला नाही दिसत. जोडीदाराला दिसतं."

तरुण बराच वेळ त्या खुणेकडे पाहत राहिला. नानांनी त्याच्या मोबाइलवरची चिकटपट्टी नखाने हलकेच सोडवली.

"मी खो-खो शिकवायचो," ते म्हणाले. "बसलेल्या गड्याला मागून येणारा दिसत नाही. पाठीवर थाप पडते, खो ऐकू येतो आणि तो उठतो. चपळ मुलं मला पुष्कळ मिळाली. पण ज्याचं सगळं लक्ष पुढच्या पळणाऱ्यात गुंतलेलं, त्याला दिलेला खो वाया जायचा, आणि देणारा बिचारा त्याच्यामागे नुसता उभा राहायचा. तू आलास तेव्हा मी तुझे सहाही राक्षस पाहिले. आगीला पाणी आहे, पाण्याला वीज आहे, त्यात मला काही उणं दिसलं नाही. घाव झेलणारं एक माणूसही तुझ्या संघात होतं. त्या माणसाला मागे घ्यायचं काम कुणाचं, एवढंच तू ठरवलं नव्हतंस. तोल तिथे गेला, बाळ. तिला काढून दुसरा मारणारा घेतलास, तर तोल कसा परत येईल?"

तरुणाने मोबाइल खिशात ठेवला, नानांच्या पायांना हात लावला आणि तो निघाला. घरी मात्र गेला नाही. बस बदलून तो ताईच्या गावी गेला.

कुंदाताई नुकतीच कामावरून आली होती. दारात त्याला पाहून ती दचकली. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मीच आलोय, सहज."

तिने पाणी दिले, चहा टाकला. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीत धुऊन उपडी घातलेली दोन भांडी होती. तरुणाने चहाचा कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"ताई, मी घंटी बंद ठेवली होती."

"माहीत आहे मला." ती ओट्यावर सांडलेली साखर पुसत होती. "खूण दिसायची ना. तुझ्या नावापुढे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. पहिल्यांदा बोलले होते रे. तू म्हणालास, थांब ग, मधे मधे नको. मग मला वाटलं, कधीतरी तुझं तुलाच लक्षात येईल."

"आणि तरी वाजवत राहिलीस?"

"हो." तिने फडके धुऊन पिळले, दोरीवर टाकले. "त्या शेवटच्या सामन्यातसुद्धा. वाजवायचं माझ्या हातात होतं, ते मी केलं."

तरुणाने कप दोन्ही हातांत धरला. "आता चालू केलीय मी. येतेस परत? स्पर्धेला नाही तर नाही. नुसतं खेळायला."

कुंदाताई त्याच्या शेजारी येऊन बसली. रागाची एक रेषही तिच्या चेहऱ्यावर नव्हती, आणि तेच त्याला सोसवेना. ती हळूच म्हणाली, "नाही रे. तुझा राग आहे म्हणून म्हणत नाही. हॉलमध्ये बोललास ते तर मी तिथेच सोडून आले. पण त्या खेळाचं नाव काढलं की अजून दमायला होतं मला. मनातून उतरलंय ते." मग तिने त्याच्या हातातला कप पाहिला. "निवला बघ. दे, गरम करून देते."

त्याने कप दिला. शेवटची बस निघेपर्यंत दोघे बोलत बसले, आईच्या गुडघ्यांविषयी, प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींविषयी. निरोप घेताना ती म्हणाली, "येत जा." खेळाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

यंदाच्या स्पर्धेची तारीख आली आणि निघून गेली. तरुण नानांच्या ओट्यावर येत राहिला, पण वणवा त्याने केतकीला देऊन टाकला.

"मला?" केतकी म्हणाली. "ताप आहे का दादा तुम्हाला? एवढा पोसलेला राक्षस!"

"तू खेळव. सावली मी घेतो."

पहिल्या दिवशी त्याच्याने ती नीट खेळवेना. कोणता घाव अंगावर घ्यावा आणि कोणता जोडीदाराला सोसू द्यावा हे ओळखणे मारण्यापेक्षा अवघड होते, हे त्याला तेव्हा कळले. ताई ते किती सहज करीत असे! चारदोन फेऱ्यांतच त्याची हिरवी रेघ पिवळी झाली. त्याने अंगठा घंटीवर ठेवला, जरा घुटमळला आणि दाबला.

"आले, आले!" केतकी चटकन म्हणाली. तिने हल्ला सोडला, वणव्याला आडवा घातला. "जा दादा मागे. दम खा."

सावली मागे सरकली आणि तिची रेघ पुन्हा हळूहळू भरू लागली. सारे एका फेरीत झाले होते. डाव थांबला नव्हता, केतकीचे काही बिघडले नव्हते.

तरुण त्या भरत जाणाऱ्या रेघेकडे पाहत राहिला. ताईने इतके दिवस मागितले होते ते एवढेच होते.

"दादा," केतकी म्हणाली, "तुमची पाळी."

त्याने डोळे पुसले. नानांनी ते पाहिले आणि नदीकडे तोंड फिरवले.