सरकारांच्या अठ्ठेचाळीस बरगड्या

निंबखेडच्या सरकारांच्या छातीचा फोटो तिसऱ्यांदा बिघडला आणि गणू कासाराला संस्थानाबाहेर घालवायचा हुकूम सुटला.

"सोमवारपर्यंत स्वच्छ फोटो आला नाही, तर तू, तुझं यंत्र आणि तुझं बिऱ्हाड नदीपलीकडे!" सरकार कडाडले आणि लगेच कुशीवर हात दाबून कण्हले.

झालं असं होतं, की सरकार घोड्यावरून पडले होते. दरबारी भाषेत सांगायचं तर घोडा सरकारांच्या खालून निघून गेला होता. तेव्हापासून डाव्या कुशीत कळ येई. बरगडी मोडलीय की नुसता मुका मार आहे, हे कळल्याशिवाय डॉक्टर काही करायला तयार नव्हते. म्हणून दवाखान्यातलं हाडांचे फोटो काढायचं विलायती यंत्र कामाला लागलं.

यंत्र गणू चालवायचा. त्याची मुलगी येसू फोटोच्या काचा धुवायची, वाळवायची आणि उजेडात धरून बघत बसायची. एका काचेत पाटलीणबाईंच्या हाडाच्या बोटाभोवती अंगठी अधांतरी तरंगत होती. दुसरीत एका पोराच्या पोटात त्याने गिळलेली शिट्टी अशी ऐटीत बसली होती, की आता वाजेल. अशी मौज येसूला रोज फुकटात बघायला मिळे.

पण सरकारांच्या काचांपुढे सगळ्यांनी हात टेकले. पहिल्या काचेत बरगड्या दिसल्या अठ्ठेचाळीस. राजवैद्यांनी मान डोलावली. "सामान्य माणसाला चोवीस. सरकारांना दुप्पट, हा पुण्याईचा भाग आहे." सरकार दोन दिवस खुशीत होते. दुसऱ्या काचेत नुसता पांढरा ढग आला, त्यात दरबारी चित्रकाराला ऐरावत दिसला. तिसरीत सांडलेल्या पिठल्यासारखं काहीतरी होतं आणि त्याची स्तुती कशी करावी हे कोणालाच सुचेना. तिथे बिनसलं.

खरं कारण गणूला ठाऊक होतं. यंत्र सुरू झालं, की दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखून निश्चल उभं राहावं लागे. बाकीच्यांना तो खुशाल दरडावायचा. सरकारांना कसं दरडावणार? मागे न्हावी बिचारा "मान जरा वाकवा" एवढंच बोलला, तर तीन महिने कोठडीत बसून आला. आता तो सरकारांच्या भोवती वस्तरा घेऊन प्रदक्षिणा घालतो. म्हणून गणूने दिवाणांमार्फत अर्ज केला होता. दिवाणांनी यंत्रापाशी उभं राहून तो वाचला, "सरकारांनी कृपावंत होऊन श्वास रोखण्याचं मनात आणावं." सरकार म्हणाले, "बघू." आणि 'बघू' म्हणताना छाती हलली ती हललीच.

घरी गणू भांडी पोत्यात भरायला लागला. अकरा वर्षांचा संसार, एका पोत्यात मावेना.

"सरकारांना हुकूम देईल असा माणूस अख्ख्या संस्थानात नाही गं, पोरी."

"एक आहे की, आबा," येसू म्हणाली. "तुम्ही भांडी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाड्यावर हजर झाली. सरकारांकडे मेणाच्या नळकांड्यावर आवाज धरून ठेवणारं एक यंत्र होतं. कर्ण्यात बोलायचं, की तेच पुन्हा ऐकू येई. सरकार त्यावर बहुतेक वेळ स्वतःचीच भाषणं ऐकत.

"सरकार, दवाखान्यात रोगी फार चुळबुळ करतात," येसू हात जोडून म्हणाली. "आबांना कोण भीक घालतं? आपला आवाज ऐकला, तर एकाची हलायची छाती होणार नाही."

सरकारांची कळी खुलली. कुशीतली कळ विसरून ते कर्ण्याला तोंड लावून गरजले, "श्वास घे! रोख! हललास तर याद राख, गाढवा!"

"'गाढवा' लागेलच का, सरकार?"

"त्याशिवाय जरब बसत नाही," सरकार म्हणाले आणि त्यांनी आवाजाचं यंत्र येसूबरोबर दवाखान्यात धाडलं.

सोमवारी सरकार यंत्रापुढे उभे राहिले. दिवाण अर्जाची घडी उलगडणार, एवढ्यात पडद्यामागून आवाज घुमला, "श्वास घे! रोख! हललास तर याद राख, गाढवा!"

पन्नास वर्षांत सरकारांशी असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी दचकून श्वास घेतला आणि तो तसाच अडकला. पापणीसुद्धा लवली नाही. गणूने दहा अंक मोजले, काच काढली आणि ती धुवायला तो अंधाऱ्या खोलीत पळाला.

मग मात्र सरकारांचा स्फोट झाला. "कोण बोललं ते? कोठडीत टाका त्याला!"

शिपायांनी पडदा ओढला. मागे कर्णा होता आणि शेजारी येसू उभी होती.

"मी नाही बोलले, सरकार," ती शांतपणे म्हणाली. "ज्याने कोणी हुकूम केला, त्याचा आवाज इथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कोठडीत कोणाला टाकायचं, तेवढं नाव सरकारांनी सांगावं, म्हणजे शिपायांना बरं पडेल."

दिवाण जमिनीकडे बघायला लागले. शिपाई एकमेकांकडे बघायला लागले. सरकारांनी कर्ण्याकडे बघितलं, येसूकडे बघितलं, आणि त्यांना असं हसू फुटलं, की शेवटी कूस धरून खुर्चीत बसावं लागलं.

गणू ओली काच घेऊन आला. बरगड्या बरोबर चोवीस होत्या, एकेक मोजून घ्यावी इतक्या स्वच्छ, आणि डावीकडच्या आठवीला केसाएवढी चीर.

"गणू, तुझं बिऱ्हाड इथेच राहील," सरकार हसत, कण्हत म्हणाले. "आणि दिवाणजी, लिहून घ्या. आजपासून या खोलीत हुकूम येसूचा. तो सगळ्यांनी पाळायचा, आम्हीसुद्धा."

"मग पहिला हुकूम ऐका, सरकार," येसू म्हणाली. "बरगडीला चीर आहे. हसू नका."

दिवाणांनी डोळे मिटून घेतले. आणि सरकारांनी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.