उघड्या झाकणाचा ॲम्प्लिफायर

कॅसेटी अजून दुकानात मिळायच्या, त्या काळची ही गोष्ट. हेरंबरावांनी जुन्या बाजारातून एक दणकट ॲम्प्लिफायर आणला. घरी येताच त्यांनी त्याचं झाकण उघडून कपॅसिटर बदलले. मग गाण्याची एक ओळ ऐकली, नाक मुरडलं आणि पुन्हा झाकण उघडलं. पुढे ट्रान्झिस्टर बदलले, वायरीही बदलल्या.

"नशीबवान आहेस! तुला रोज काहीतरी नवं मिळतं," टेबलावरची सोल्डर गन म्हणाली.

"थकलो गं बाई," ॲम्प्लिफायर म्हणाला. "आधीच्या मालकांनीही हेच केलं. माझा आवाज सगळे ऐकतात, गाणं कुणीच ऐकत नाही."

त्या संध्याकाळीही एक ओळ वाजली आणि हेरंबरावांनी बटण बंद केलं. त्यांच्या पत्नी वसुमतीबाई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अहो, बंद का केलंत? छान लागलं होतं की!"

"बेस कमी वाटतोय," हेरंबराव स्क्रू-ड्रायव्हर शोधत म्हणाले.

वसुमतीबाई आत गेल्या आणि पोळ्या लाटता लाटता उरलेलं गाणं स्वतःच म्हणू लागल्या. टेबलावर उघडा पडलेला ॲम्प्लिफायर ऐकत राहिला. या गाण्याला अंतराही आहे, हे त्याला आज कळलं.