ढील

त्या राज्याला दोन पांढरे तट होते, एक वर आणि एक खाली, आणि त्यांच्या मध्ये ध्वनी राहत असत. खालच्या दरीतून वारा वर येई आणि तटांमधल्या फटीतून बाहेर पडे. त्या वाऱ्यावरच सगळ्यांचा संसार चाले.

बहुतेक ध्वनी जुळे जन्मत. चूल एकच, पण एक अंग ताणून काठावर उभा राही आणि दुसरा जरा आत सरकून सैल बसे. ताठी आणि सैली अशाच बहिणी होत्या. ताठी एका श्वासाने थोरली, आणि हे थोरलेपण ती कधी विसरत नसे. शब्दाच्या टोकाला, उघड्या वाऱ्यात, ती एकटी उभी राही. सैलीला ते जमत नसे. सैल ध्वनीच्या मागे एखादे व्यंजन दार लोटून उभे राहायचे, असा रिवाजच होता. पण पहारा संपवून ताठी घरी येई तेव्हा तिचे अंग ओढलेल्या दोरीसारखे झालेले असे. मग सैली तिचे खांदे दाबत म्हणे, "दे आता ढील." आणि कशी कोण जाणे, ताठी हळूहळू सुटत जाई.

एके दिवशी फटीतून कडू पाणी आत आले. दोन घोटच, पण राज्य हादरले. तटांचा सरदार तोवर कुणाच्या अध्यात ना मध्यात होता; आता त्याला कंठ फुटला. "ही फट सैलांनी ठेवली," तो म्हणाला. "ज्यांना उभं राहायला मागे दार लागतं, ते राज्य काय राखणार?" फट तर राज्य वसले तेव्हापासूनची होती. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. फट जुनीच आहे, ही साधी गोष्ट बोलून दाखवायला कुणी पुढे झाले नाही.

हुकूम निघाला. सात दिवसांत प्रत्येक ताठाने आपला जुळा स्वतःच्या हाताने ओढून ताठ करायचा. जो राहील त्याला दरीत लोटले जाईल.

ताठीने सहा दिवस कसेबसे ढकलले. सातव्या दिवशी तिने सैलीची दोन्ही मनगटे धरली.

"ताई, मी अशी झाले तर तुझे खांदे कोण दाबणार?"

"जीव वाचतोय तुझा. खांद्यांचं काय घेऊन बसलीस!"

ताठीला रडू येत होते. पण रडायलाही थोडे सैल व्हावे लागते. तिने दात-ओठ खाऊन ओढले. सैलीची मान वर झाली, पाठ कडक झाली, चेहरा ताणत ताणत हुबेहूब ताठीचा झाला. संध्याकाळी सरदार येऊन दोघींना पाहून गेला आणि थोरली कोणती ते त्याला सांगता आले नाही. त्याला फार बरे वाटले.

राज्यात आता एकही सैल उरला नव्हता. तट जवळ येत गेले आणि एके सकाळी एकमेकांवर घट्ट बसले. सरदाराने विजय जाहीर केला. दुपारपर्यंत वारा आतल्या आत कोंडून घुमू लागला आणि सगळ्यांची अंगे कळा मारू लागली. घाबरून सरदाराने स्वतःच फट उघडायचा हुकूम दिला. सगळ्यांनी जोर लावला. जोर लावला तसे तट आणखी आवळले.

तेवढ्यात बाहेरून तटावर काहीतरी टणकन वाजले. मग एक आवाज आला. ताठीने तो लगेच ओळखला. त्या राज्यातला एकूण एक ध्वनी त्याच आवाजाकडून बोलायला शिकला होता.

"उघड गं माझी बाई. औषधाचा एवढा एकच चमचा."

ताठीने बहिणीला गदागदा हलवले. "सैले, ऐकलंस ना? दे गं ढील. कशी द्यायची ते सांग तरी!"

सैली समोर बघत ताठ उभी होती. "ढील म्हणजे काय?" तिने विचारले.

ताठीने तिचे खांदे दाबून पाहिले. ते दगड झाले होते. बाहेर कडू पाणी पांढऱ्या तटावरून ओघळून खाली गेले, आणि चमचा पुन्हा भरून येऊन तटाला टेकला.