उसाचे दहा तुकडे

फार पूर्वी, शाळांना घंटाही नव्हत्या तेव्हाची गोष्ट. एका राज्याच्या राजधानीत मोठं विद्यापीठ होतं. तिथल्या प्रवेशपरीक्षेला बसायचं तर आधी गावोगावी होणारी पूर्वपरीक्षा पार करावी लागे.

एका गावात सोळा वर्षांची एक मुलगी होती. तिला आकाशातले तारे शिकायचे होते, आणि ते फक्त त्या विद्यापीठातच शिकवत. तिची आई शिकलेली होती, म्हणून तयारी घरीच चाले. आई वेणी घालताना प्रश्न विचारी, जेवायला वाढताना विचारी. मुलगी हुशार, पण सावकाश विचार करणारी. ती जरा थांबली की आईचा जीव वरखाली होई, आणि उत्तर आईच देऊन टाकी.

शेजारीण म्हणाली, "अगं, पोरीला श्वास तरी घेऊ दे."

"श्वासाला गुण नसतात, वहिनी," आई म्हणाली.

परीक्षेचा दिवस आला. मुलं पुढे बसली, आईबाप दोरीच्या मागे. परीक्षक म्हणून एक वृद्ध आचार्या आल्या होत्या. त्यांनी भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडली. वाटी बुडेपर्यंत विचार करायची मुभा होती, मात्र तोंडातून निघालेलं पहिलं उत्तरच धरलं जाणार होतं.

आचार्यांनी मुलीला विचारलं, "एका उसाचे दहा तुकडे करायचे आहेत. कोयता किती वेळा मारशील?"

मुलगी आपल्या बोटांकडे बघत राहिली. वाटी अजून अर्धीही भरली नव्हती. पण ती शांतता आईला सोसेना.

"दहा," आई पुटपुटली. सगळ्यांना ऐकू गेलं.

मुलीने मागे पाहिलं. मग ती म्हणाली, "दहा."

मागे कुणीतरी हसलं. आचार्यांनी नकारार्थी मान हलवली. आई दोरी ओलांडून पुढे धावली. उत्तर आपलं होतं, मुलीला पुन्हा विचारा, असं विनवू लागली.

"तुमचंच होतं, ते मलाही दिसलं," आचार्या म्हणाल्या. "पण बोलली ती. आता पुढच्या वर्षी."

घरी जाताना आईने खालच्या आवाजात विचारलं, "तुला येत होतं का गं?"

"नऊ. शेवटचे दोन तुकडे एकाच घावात होतात," मुलगी म्हणाली. "पण तू दहा म्हणालीस, तर मला वाटलं माझंच चुकलं असेल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आईला उरलेल्या वाटेत मान वर करता आली नाही.

त्या वर्षी आई प्रश्न विचारून विहिरीवर निघून जाऊ लागली. तरी कितीतरी दिवस मुलगी उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघत बसे. ती सवय फार हळू गेली. पुढच्या परीक्षेला ती एकटीच गेली आणि पूर्वपरीक्षा पार झाली. प्रवेशही मिळाला, तोवर तिच्या बरोबरीच्या मुली मात्र वर्षभर पुढे गेल्या होत्या.

गाव आईचं कौतुक करायला आलं. काय तयारी करून घेतलीत हो, असं जो तो म्हणू लागला. आई पाणी आणते म्हणून आत गेली, ती पाहुणे उठेपर्यंत बाहेर आलीच नाही.

तात्पर्य: मूल विचार करत असेल तेव्हा मोठ्यांनी गप्प राहावं, नाहीतर त्याला येत असलेलं उत्तरही आपणच हिरावून घेतो.